गोठ्यातले आरसे

॥ श्री ॥

मु. खडकझरी, पो. तळेगाव (श्यामजी पंत)
ता. ५ जानेवारी १९८५

चि. नलूले आजीचे लय आशीर्वाद.

तुले एक आजी आहे, तिचं नाव आनंदाबाई, तिचे वरचे दात पडले पण जीभ शाबूत आहे, एवढं आठवून द्याले हे पत्र. संक्रांत तोंडावर आली तरी सेवाग्रामहून तुहं साधं कार्ड नाई. नर्सिंगच्या शाळेत हाडांचे नावं पाठ करून घेतात म्हणे. एक हाड डोक्यात गेलं की घरचं एक माणूस बाहेर पडते का, हे तुह्या बाईले विचारजो. मी सांगून राह्यली अन् तुही आई लिहून राह्यली. एखादं वाक्य गोड लागलं तर ते तिनं मधात घुसवलं असं समज.

आता कामाचं. यंदा शिवरात्रीच्या यात्रेच्या कमिटीचा अध्यक्ष तुहा बाप झाला. तवापासून रूपरावची टोपी कडक अन् मान त्याहून कडक. पह्यलाच ठराव असा केला की चिंचेखाली शोभाबाईचा वाकडंतिकडं दाखवणाऱ्या आरशांचा तंबू लागते, तो यंदा लागणार नाई. त्या जागेवर नागपूरहून बिजलीचा आकाशपाळणा येणार. उरलेल्या जागेत व्हिडिओवाला बसणार. आरसे जुने झाले, लोकांले आता नवं पाह्यजे, असं तुह्या बापाचं म्हणणं. कोणत्या लोकांले, असं मी विचारलं. त्यानं चहा पेला.

शोभाबाई आर्वीहून येऊन रडून गेली. दुसऱ्या यात्रांतूनही तिले असंच उठवलं. आपल्या इथं जागा नाई भेटली तर आरसे भंगारात देईन अन् भावाच्या घरी जाईन म्हणते.

हातपंपावर दोन पार्ट्या पडल्या. शेजारची शकुबाई पाळण्याच्या बाजूनं. वर गेलं की तिले तिचं माहेर दिसन म्हणते. मी म्हटलं, दिसलं तरी भाऊ काही तिथून चहाले हाक मारणार नाई. घागर अर्धीच भरून गेली. सीताबाई आमच्या बाजूनं आहे, पण नवरा जवळ असला की पाळण्याच्या. अशी फौज घेऊन मी लढून राह्यली.

तुहा बाप शिकलेल्याचं ऐकते. त्याले एक कडक पत्र टाक.

माया आहे तेवढीच आहे, तू फक्त पत्ता विसरू नको.

तुही आजी
(हस्ते प्रमिला)


सेवाग्राम
ता. १२ जानेवारी १९८५

ती. आजीस नलूचा सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून खोलीतल्या सगळ्या मुली हसल्या. हाडं पुष्कळ आहेत आजी, पण आजी एकच, त्यामुळे गोंधळ होत नाही. कार्ड टाकलं नाही हे खरं. परीक्षा होती. तुला खोटं वाटेल, पण होती.

तू रागावशील, तरी लिहिते. मी बाबांच्या बाजूने आहे. मागच्या वर्षी नागपूरच्या प्रदर्शनात आम्ही मैत्रिणी आकाशपाळण्यात बसलो होतो. वर पोचल्यावर पोटात जे होतं ना, ते सांगून कळत नाही. आपल्या गावच्या बायकांनी ते का अनुभवू नये? आणि शोभाबाईंच्या आरशांचा मुलामा उडालाय, तंबूला ठिगळं आहेत. मी लहानपणी त्यातल्या एका आरशात स्वतःला पाहून भोकाड पसरलं होतं, हे तुलाच आठवत असेल. आपलंच तोंड वाकडं बघायला बायका दरवर्षी रांग का लावतात, मला खरोखर कळलेलं नाही. शोभाबाईंचं वाईट वाटतं, पण वाईट वाटतं म्हणून यात्रा तिथेच थांबवायची का?

एक विचारायचं आहे. आई तुझी पानंच्या पानं लिहिते, पण स्वतःची एक ओळ टाकत नाही. ती कुठल्या पार्टीत आहे?

गुडघ्याला तेल लावत जा. राग निवळला की लगेच लिही, निवळला नाही तरी लिही.

तुझी नलू


॥ श्री ॥

खडकझरी
ता. २० जानेवारी १९८५

चि. नलूले आशीर्वाद, पण या खेपेले थोडे आखडते.

शाळेनं तुले हाडं शिकवले अन् तू घरचं विसरली, हे मी बरोबरच म्हटलं होतं. पण या गोष्टीत तुही चूक नाई, काऊन की हे तुले कोणी सांगितलंच नाई. आता ऐक.

त्या तंबूच्या तोंडाशी शोभाबाई एक दोरी बांधते. दोरीच्या आत गेलं की सुनेनं सासूले, सासूनं सुनेले, जावेनं जावेले, आरशातल्या रूपाकडे बोट करून काय पाह्यजे ते म्हणावं. कोणी रागवायचं नाई. दोरी ओलांडून बाहेर आलं की विसरायचं. आतलं घरी आणलं तर त्या बाईले पुढच्या साली कोणी सोबत घेत नाई. माह्या सासूच्या वेळपासून हे असंच आहे. पुरुष हसून जातात अन् म्हणतात, बायांले आरशाचा लय शौक. त्यांले दोरी दिसतच नाई.

आरशांले नावंही आमचेच. जाडा दाखवते तो रांजण, बारीक दाखवते तो पऱ्हाटी, अन् डोकं खाली पाय वर करते तो जावई.

तुही आई या घरी आली तवा मुंडी हलवण्यापलीकडे काही बोलेना. मले वाटलं, मुकी पोरगी पदरात घातली. त्या साली यात्रेत मी रांजणासमोर उभी होती. मागून एक हसू फुटलं. पाहतो तं हीच! हसत हसत माह्या त्या रूपाबद्दल एक गोष्ट बोलली. काय बोलली ते सांगणार नाई, दोरीच्या आतलं आहे. पण तंबूभर बाया हसल्या, मीही डोळे पुसले. बाहेर आल्यावर तिनं मले सांगितलं की तिले तहान लागली. नलू, तोवर माह्या घरात तिनं तहान लागली असंही कधी सांगितलं नव्हतं.

(नलू, हे लिहायचं नव्हतं. मी पेन खाली ठेवला तर आजींनी पानाचा डबा बाजूला सारला आणि लिहिल्याशिवाय जेवणार नाही म्हणाल्या. सगळं खरं आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, मी आरशांच्या पार्टीत आहे. वर्षातून एक दिवस मला सुचेल ते मोठ्यानं बोलता येतं. हे तुझ्या बाबांना मी सांगितलेलं नाही. – आई)

झालं तिचं? मग पुढचं. परवा देवळाच्या ओसरीवर कमिटीची मिटिंग होती. मी न बोलावता गेली अन् अध्यक्षासमोर मांडी घालून बसली. सेक्रेटरी नानाजी म्हणे, आता यात्रा बाया चालवणार का? मी म्हटलं, प्रसादाचे रोडगे कोण थापते ते एकदा सेक्रेटरीनं वहीत पाहून घ्यावं. तुहा बाप हळूच म्हणे, आई, घरी बोलू. मी म्हटलं, घरी माहा पोरगा राह्यते, मले अध्यक्षाशी काम आहे. हात वर करून मत घेतलं. मी दोन्ही हात वर केले, तरी हरली.

हरली तर हरली. कमिटीची हद्द आपल्या कुंपणापाशी संपते. यात्रेच्या वाटेवरचा गोठा माह्या नावावर आहे. बैल चार दिवस निंबाखाली बांधू, गोठा सारवू अन् आरसे तिथं लावू. शोभाबाईले तसा निरोप धाडला. तुहा बाप म्हणे, अध्यक्षाच्याच घरी असं झालं तर लोक काय म्हणतीन? मी म्हटलं, अध्यक्षाच्या मायले गोठा आहे असं म्हणतीन. तवापासून गाल फुगवून फिरून राह्यला. त्याले रांजणासमोर उभं करायची गरजच नाई.

आशीर्वाद पुरे पाह्यजे असले तर बाजू बदल.

तुही आजी
(हस्ते प्रमिला, पार्टी आरसे)


सेवाग्राम
ता. २९ जानेवारी १९८५

ती. आजीस आणि ती. आईस नलूचा सा. नमस्कार वि. वि.

पत्र मी ओसरीत बसून दोनदा वाचलं. तहानेच्या ओळीपाशी थांबले. मी आईला इतकी वर्षं बोलताना ऐकलं, पण ती बोलायला कधी लागली हे विचारायचं सुचलंच नाही.

बाबांना त्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर आलं. अभ्यास कर, आजीला भर देऊ नकोस, थंडी आहे तर स्वेटर घाल. एवढंच.

मी आता आरशांच्या बाजूने आहे. पण पाळणा वाईट हे मी म्हणणार नाही. आजी, तू त्यात बसलीच नाहीस, मग तुझं मत धरायचं कसं? एकदा बस, मग नावं ठेव. मी आरशांसाठी बाबांशी भांडले, तू माझ्यासाठी एवढं करच.

शिवरात्रीला माझी वॉर्डात ड्यूटी लागली आहे. बदलून मागितली, मिळाली नाही. काय काय झालं ते एकही गोष्ट न गाळता लिही. आई, तूही लिही.

पुरे आशीर्वाद आता दे.

तुझी नलू


॥ श्री ॥

खडकझरी
ता. २२ फेब्रुवारी १९८५

चि. नलूले पुरे आशीर्वाद, वरून मूठभर जास्त.

पह्यले तुही अट. मी पाळण्यात बसली. सोबत शकुबाई. वर गेल्यावर सगळा मुलूख दिसला, डोंगर, तळेगावचा रस्ता, आपला गोठा, निंबाखाली बैल. वारा कानात शिरून राह्यला होता. लय मजा आली, नलू. दुसऱ्यांदाही बसली. पाळणा चांगला आहे, हे लिहून ठेव. शकुबाईनं सगळा वेळ डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं, तिचं माहेर जिथल्या तिथंच राह्यलं. पण चांगलं नवं आलं म्हून चांगलं जुनं हाकलायचं, हे मले वरूनही पटलं नाई.

शोभाबाई बैलगाडीत आरसे घेऊन आली. गवतात गुंडाळलेले. गोठा सारवला होता, तरी शेणाचा वास येतच होता. बाया म्हणत, आरशात वास नाई दिसत. पह्यल्या दिवशी दोन-चार आल्या. दुसऱ्या दिवशी पाळण्यातून उतरलेल्या सगळ्या इकडं. वर पोटात कालवलं की खाली येऊन हसाले बरं वाटते म्हणत. सीताबाई नवऱ्यादेखत आली. तुही आई दोन्ही दिवस गोठ्यातच. घरी चूल थंडी. रूपरावनं कमिटीच्या रोडग्यांवर दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी सांजच्याले तो गोठ्याच्या दाराशी आला. बायकोले घरी न्याले आलो म्हणे. दोरी त्याले दिसली नाई, नेहमीसारखी. सरळ आत आला अन् रांजणासमोर उभा राह्यला. कडक टोपी, वर गाल, खाली पोट, अध्यक्षाचा अध्यक्ष दिसला! शोभाबाईनं त्याले दोरीचा कायदा सांगितला. मग तुही आई पुढं झाली, आरशाकडे बोट केलं अन् बोलली. लय वेळ बोलली. लग्नापासूनचं सगळं नाई, पण बरंच.

काय बोलली ते सांगणार नाई.

(मीही नाही. – आई)

तो रागावला असता तर दोरी ओलांडून गेला असता. पण गेला नाई. पह्यले टोपी काढली, मग खाली पाह्यलं, मग पुन्हा आरशात पाह्यलं. अन् हसला. मोठ्यानं नाई, लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर हसत जाय तसं.

बाहेर आल्यावर बायकोले विचारलं की तहान लागली असन, पाणी आणू का. मी ऐकलं. हे दोरीच्या बाहेरचं आहे, म्हून सांगून राह्यली.

पुढच्या सालाबद्दल कमिटीनं काही ठरवलं नाई. ठरवो न ठरवो, मले काय! शोभाबाईनं आरसे भंगारात देण्याचा विचार सोडला. रांजण इथंच ठेवून गेली. गाडीत फुटते म्हणे, पण मले कारण दुसरंच दिसते. आता बैल आत जायले तयार नाईत. ढवळ्या स्वतःले पाहून दोनदा बुजला. रूपरावनं आरसा एका कोपऱ्याले हलवला अन् त्या कोपऱ्याभोवती दोरी बांधली. मी सांगितलं नव्हतं. त्यानंच बांधली.

तुही आई रोज दूध काढाले जाते अन् जरा उशिरा येते. आतून हसू ऐकू येते. परवा दोन आवाज होते. मी दोरीजवळ जात नाई.

आता मन लावून ऐक, हे विसरलीस तर खरंच भांडण. वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे पाठवजो. ताजे, चहात बुडवले की विरघळणारे. एक माह्या नावानं अन् दुसरा तुह्या आईच्या नावानं, वर तिचंच नाव लिहून. माह्यातला मी तिले देणार नाई, अन् तिच्यातला तिनं कोणाले द्यावा ते तिचं ती ठरवीन.

तुही आजी
(हस्ते प्रमिला)