मागून येणारी हाक

बाबा, परवा प्रयोग आहे आणि माझं चित्त कशातच लागत नाही. झाशीत ऑपेरा बसवतेय म्हटल्यावर, तुम्ही असता तर, चष्मा कपाळावर सारून विचारलं असतं, "म्हणजे काय?" सगळं गाऊनच बोलायचं असं नाटक. गोष्ट ग्रीक पुराणातली. एका गायकाची बायको मरते, तो तिला आणायला मृत्यूच्या राज्यात जातो. देव तिला परत देतात, पण बाहेर पडेपर्यंत त्याने वळून पाहायचं नाही. ती मागून हाका मारते, तो न राहवून पाहतो, आणि ती कायमची जाते. आम्ही ते हिंदीत बसवलंय. पहिल्याच तालमीत गायकाचं काम करणाऱ्या मुलाने विचारलं, "दीदी, मना किया था, फिर पलटता क्यों है?" "आधी गाऊन तर दाखव," म्हणत मी पाणी प्यायला बाहेर पळाले.

झाशी स्टेशन, मी अकरा वर्षांची आहे. आईला स्ट्रेचरवरून मुंबईच्या गाडीत चढवलंय, सोबत मामा. तुम्ही वर्कशॉपमधून तेलकट हातांनीच आलात. आई मला हाक मारते, तुम्ही माझा खांदा धरून फिरवता. "चल. मागे बघू नकोस, तिला त्रास होईल." पण जिन्यापाशी मी बघते. खिडकीत तिचा हात दिसतो. आठवड्याने तार आली. मी बघितलं म्हणून ती गेली, असं मी कित्येक वर्षं मानत होते. तुम्हाला सांगणार कसं? एकदा स्वयंपाकघरात मी म्हटलं, "पिठलं आईसारखं नाही झालं." "जेवायचं तर जेव!" तुम्ही ओरडलात, आणि स्वतः न जेवताच उठलात. त्यानंतर आपल्या घरात आईचा विषय निघाला नाही.

गायकाच्या बायकोचं काम करणारी मुलगी खंडेराव गेटजवळच्या शाळेत शिकवते. काल त्या हाकेपाशी मी तिला दहा-बारा वेळा थांबवलं. "ऐसे नहीं." शेवटी ती रडकुंडीला आली. "फिर कैसे, दीदी? आप ही गाकर बता दीजिए!" मी तालमीच्या वहीची पानं उलटत राहिले. ती निघून गेली. आज सकाळी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, म्हटलं, तुझ्या मनाला येईल तशी गा. येते म्हणाली.

तालमीच्या वहीत हे लिहितेय, तिथेच राहील. बाबा, आईने हाक मारली एवढंच आठवतं, तिचा आवाज नाही आठवत. तो तुम्हाला शेवटपर्यंत आठवत असणार. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.