एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

दादा, तुमचा तो आकडा परवा तुमच्या लेकीच्या घरात आला. नात मोबाइलवर एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न मांडून बसली होती. दोनानं गुण, तीनानं गुण, पार सहापर्यंत तेच आकडे त्याच रांगेत फिरतात, नुसती सुरुवात बदलते. आठाला आल्यावर म्हणाली, आजी, इथं बिघडलं बघ, पण तुला नाय कळायचं ते. मी लसूण सोलत होते. सोलत राहिले.

छावणीतलं आपलं दुकान. फौजी पँटी बेतायच्या टेबलावर तुम्ही खडूनं तो आकडा गोल मांडलाय, मी कडेला पाय हलवत बसलेय. सातानं गुणलं की सगळे नऊ, हे तुम्ही शिकवलं. आठानं येतात अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न. चक्र मोडल्यासारखं दिसतं. पण पुढचा जादा एक उचलून शेवटच्या सहात मिळवला की पुन्हा तुमचाच आकडा हजर. हे मात्र मी काढलं होतं, चौथीत नापास झाले त्याच साली. तुम्ही तो खडू पुसू दिला नाय. दिवसभर कापड जमिनीवर बेतलंत.

मग लासूर स्टेशनचे पाहुणे मला बघायला आले. सुई ओवून झाली, नाव लिहून झालं, पोहे खाऊन झाले. तुम्हाला राहवलं नाय, तुम्ही आकड्याची गंमत काढली. मुलाचा मामा अडतीवर मुनीम, गुणाकारात कुणाला ऐकणारा नव्हता. सातापर्यंत मान डोलावली आणि आठाला थांबला.

"मोडलं की तुमचं चक्र. टेलरमास्तर, माप चुकलं."

सगळी बैठक हसली. तुम्ही माझ्याकडं वळलात. "सांग बाई. आठाचं तू सांग."

मी पदर सारखा केला. "मला नाय ठाऊक, दादा."

तुम्ही स्वतः एका वाक्यात त्या मामाला गार केलं असतं. केलं नाय. हसणाऱ्यांत थोडं हसलात आणि पानाचं तबक पुढं केलंत. आठाचं माझं होतं, म्हणून तुम्ही त्याला हात लावला नाय, एवढं मला तिथंच बसल्या बसल्या कळलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाय. ह्याच तोंडाला आज दोन सुना आणि सगळी गल्ली वचकून असते.

पुढं माहेरी आले की तुम्ही ख्यालीखुशाली विचारायचात, आकडा कधी काढला नाय. मीही नाय. गेलात तसेच.

हे कुठं पाठवायचं नाय, म्हणून लिहिते. पोरगी भेदरली असेल, असं तुम्ही मनाशी धरलं असेल. भेदरले नव्हते, दादा. मुलगा पसंत पडला होता मला.