मामांच्या गाडीची मूळ टाकी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. गाडी सोडून आम्ही सगळे खुशाल आहोत. नव्या गुडघ्यानं तुम्ही आता जिने भराभर चढता असं मामीनं कळवलं, वाचून फार बरं वाटलं. (चढून झाल्यावर वरूनच चहा मागता, असंही तिनं कळवलं आहे. त्यावर मी मत देत नाही.)

आता गाडीविषयी. ती माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणाला होतात, "एक खिळा जरी बदललास ना, तर गाडी उचलून मंडळाच्या संग्रहात देऊन टाकीन." ही अट मी डोळ्यांत तेल घालून पाळत आलो. पण अलीकडे गाडी चढ आला की आचके देऊन थांबू लागली, आणि तेही मागे नेमकी बस असताना. गॅरेजवाल्यानं पेट्रोलची नळी काढून ओढली, तर त्याच्या तोंडात तांबडी भुकटी आली. थुंकून म्हणाला, "टाकी आतून गंजलीय साहेब. नवी टाका, मोकळे व्हा." मी तुमची अट सांगितली. पेशंटचं औषध बंद करायला निघालेल्या नातेवाइकाकडे बघावं, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

मग मी तुमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांची स्वतःची गाडी सुरू झालेली कुणी पाहिलेली नाही. त्यामुळे तिचा एकही भाग झिजलेला नाही, आणि म्हणूनच मंडळात त्यांचा शब्द शेवटचा मानतात. टाकी बदललेली गाडी म्हणजे गाडीचं सोंग, असं त्यांनी आरामखुर्चीतून सांगितलं. उपायही सांगितला : रिकाम्या टाकीत लोखंडी साखळी घालायची आणि टाकी हलवत राहायची, गंज आपसूक झडतो. किती वेळ हलवायची, हे विचारलं तर म्हणाले, "श्रद्धेनं."

मी आणि बायकोनं दोन बाजूंनी धरून ती अंगणात पाळण्यासारखी झुलवली. (अंगाई तेवढी म्हटली नाही. पण बायको जे म्हणत होती, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) शेवटी शेजारच्या कंत्राटदाराला दया आली आणि त्यानं काँक्रीट कालवायचं यंत्र दिलं. त्याच्या पिंपाला टाकी दोरखंडानं बांधली आणि दिवसभर फिरवली. गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. पण गंज निघाला मामा, सगळा निघाला. आणि तो निघाल्यावर कळलं की टाकी म्हणून जे काही उरलं होतं, ते मुख्यतः गंजच होतं. उजेडात धरली तर चाळण. अध्यक्षांना दाखवली. ते बराच वेळ निरखून म्हणाले, "भोकं मूळची असतील, तर बुजवू नका."

गॅरेजवाल्यानं तात्पुरता इलाज म्हणून भोकांवर अंगाचा साबण घासला. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, मग तिकडेच गळू लागली. बायको म्हणाली, "घरातला शेवटचा साबण टाकीला, आणि आपण काय अध्यक्षांचा सल्ला अंगाला लावायचा?" त्या दिवशी रोजनिशी लिहिताना मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की मूळ म्हणजे नेमकं काय? टायर तुम्हीच कैक वेळा बदललेत. काच बदलली, बॅटरी बदलली, मागची सीट तर मामीनं पडद्याच्या कापडानं मढवली. हे बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मामांचा गुडघा बदलला, म्हणून त्यांना मामा म्हणायचं सोडलंस का?" (गुडघ्यात पेट्रोल नसतं, एवढंच उत्तर मला सुचलं. ते मलाही पटलं नाही.)

तेव्हा नवी टाकी बसवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. तुमचा होकार येईपर्यंत मी पान्याला हात लावणार नाही. मामीला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. वरचं पान्याचं वाक्य अक्षरशः खरं आहे. पाना गॅरेजवाल्याच्या हातात होता. टाकी काल बसली. हे वरच लिहायला हवं होतं, पण प्रत्येक वेळी मध्येच दुसरं काहीतरी महत्त्वाचं आठवत गेलं. अट मोडली आहे, तेव्हा गाडी तुम्ही घेऊन जावी. मन घट्ट करून लिहितो, लवकर न्यावी. सुट्टीच्या दिवशी गाडीखाली न झोपता पलंगावर झोपायची माझी फार इच्छा आहे. पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार, एवढ्यात बायको "गळतंय का बघून येते" म्हणून गाडी घेऊन गेली ती दिवे लागल्यावर परतली. केस विस्कटलेले, चेहरा खुललेला. चढावर गाडी एकदाही थांबली नाही म्हणे. अध्यक्षांच्या दारावरून मात्र मुद्दाम हळू नेली, हॉर्न वाजवत. किल्ली आता तिच्या पर्समध्ये आहे. तुमची अट तिला पुन्हा ऐकवली. ती म्हणाली, "या म्हणावं खुशाल. स्टेशनवर घ्यायला मीच येईन, गाडी घेऊन. आणि परत सोडायलाही मीच येईन. मामांना."

तेव्हा येताना परतीचं तिकीट काढूनच यावं.