गोळे जेवले का?

४ फेब्रु.
सहा काटेरी गोळे घरी आले. खरी किंमत लिहून ठेवतो : ओहोटीचे दोन दिवस, माझी एक चप्पल, डाव्या टाचेत तीन काटे (दोन निघाले) आणि हिचा कपडे भिजवायचा टब. सईच्या एम.एस्सी.चं काम. सी अर्चिन म्हणतात यांना. लेकीला गोळे नकोतच, त्यांच्या आतड्यातले बॅक्टेरिया हवेत. खडकावर असताना पोटात जी वस्ती असते ती टबात तीन आठवडे राहून टिकते का, हे बघायचंय. ती मुंबईला गेली. गोळे माझ्या गळ्यात.

५ फेब्रु.
हवेचा पंप बसवला. आवाज शून्य. बोर्लीत तीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतोय, रस्त्याने जाता जाता कुणाच्या विहिरीवरचं बेअरिंग गेलंय ते कानाने सांगतो. हिला म्हटलं, "माझ्या हातचा पंप बोलत नाही."
"मग त्याच्याकडून शिका काहीतरी."

८ फेब्रु.
रोज समुद्राचं पाणी, दोन कॅन, स्कूटरवर. शर्टावर मीठ. मासेवाली पडवीत टेकली, टबात डोकावली. "शेट, हे खायचं न्हाय, इकायचं न्हाय, मग पाळलाय कशाला?" म्हटलं, पोटात बॅक्टेरिया आहेत त्यांच्या. "मग डागदरकडं न्या की!"

११ फेब्रु.
सईचा फोन. खातात का? म्हटलं, आठवडा झाला, तोंड लावत नाहीत. इतकं शेवाळ धुऊन धुऊन देतो तरी.
"धुऊन?"
विहिरीच्या पाण्याने. तीनदा. पलीकडून सरबत्ती. "बाबा, त्या बुळबुळीतच बॅक्टेरिया असतात! त्यातलेच काही पोटात जातात. आणि विहिरीत पंचायतीची टीसीएल पावडर, जंतू मारायचीच!"
पाहुण्याला न धुतलेली भाजी कोण वाढतं? हे मनात. बोललो असतो तर...
आता न धुता द्यायचं. दोन दिवसांत खाल्लं नाही तर कळवायचं. तसं झालं तर या पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला ती नवे गोळे काढून पहिल्यापासून सुरू करेल. त्यानंतर तिच्या प्रबंधाला वेळ उरत नाही.

१३ फेब्रु.
न धुता दिलं. घरभर वास, ही नाकाला पदर लावून. दुपारी टबाशी कान नेला. करकर, करकर. बारीक, नखाने दगड खरवडावा तशी. यांना तळाशी पाच दात, खरवडून खातात, हे सईनेच सांगितलेलं. लगेच फोन.
"खातायत! ऐकलं मी."
"नक्की ना, बाबा? शेवाळ कमी झालं?"
"माझ्या कानांना विचारतेस?"
हसली. वहीत लिहिलं म्हणाली, खाणं सुरू. ओहोटीला यायचं रद्द.

१७ फेब्रु.
करकर चालू. रोज कळवतो. यांच्या लेंड्याही बाटलीत भरून ठेवायच्यात, त्यातही बॅक्टेरिया. वय बावन्न, दुकानात तीन मोटारी उघड्या, आणि मी चमचा घेऊन लेंड्या शोधतोय! एकही नाही. पाणी बदलताना जात असतील.
ही म्हणते, "खातच नसतील."
वाद. कान माझे की हिचे?

२३ फेब्रु.
सई परवा येतेय, चिरायची हत्यारं घेऊन. सरांनाही सांगून बसलीय, टबातले छान जेवतात म्हणून.

२४ फेब्रु.
दुपारी तीनला लाईट गेली. पंप थांबला. करकर थांबली.
इन्व्हर्टरवर लावला. करकर. बंद केला. गप्प. पुन्हा लावला...
उचलून पाहिला. खालचा एक रबरी पाय गायब, पंप तिरका होऊन टबाच्या कडेला घासत होता. पाणी बदलताना माझ्याच हातून पडला असणार. शेवाळ बाहेर काढून उलटसुलट केलं. दाताची एक खूण नाही. गोळे जिवंत आहेत, काटे हलवतायत. पोटात काय उरलंय देव जाणे.
"उचला की," ही म्हणते. सईचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय.
करकरत होता तो माझा पंप.