फुंकून पाणी काढायचं नाही

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. घर झकास आहे. खाली तीन खोल्या, वर एकच पण ही मोठी, आणि नळ सोडला की लगेच गरम पाणी. माझी खोली जिन्याखाली असली तरी तिला खिडकी आहे, आणि गादी अशी की पाठ टेकली की उठूच नये. आधीच्या कामावर मला बाल्कनीत झोपवायचे. त्या मानानं हा राजवाडाच.

ही वही मॅडमनी दिली. मॅडम म्हणजे इथल्या मास्तरांची मुलगी. लांब राहते. म्हणाली, रोज काय केलं ते लिहीत जा, मी आले की वाचीन. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चालेल म्हणाली. तर मॅडम, वाचा आता.

मास्तर ऐंशीच्या पुढचे, काडीसारखे. चाळीस वर्षं बँडमध्ये वाजवलं आणि दुसऱ्यांना शिकवलं. आता नाकात नळी आणि शेजारी श्वासाचं यंत्र. नळी पुरते तेवढंच फिरायचं, जिना बंद. मला म्हणाले, बाई, आवाजावरून तुम्ही ट्रम्पेट दिसता. मी म्हटलं, आणि अंगावरून तुम्ही बासरी. इतके हसले की खोकला लागला. जमेल आमचं.

मंगळवार, ४

माझं काम वरच्या खोलीत. भिंतीवर, कपाटात, पेट्यांत मिळून बेचाळीस वाद्यं. मला सगळे भोंगेच. मास्तरांनी खालीच खुर्चीत बसून शिकवलं, लांब ती ट्रम्पेट, आखूड आणि गुटगुटीत ती कॉर्नेट. काही शंभर वर्षांच्या वरची आहेत. कुठं पोचे आलेत, कुठं चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ दिसतंय. जुन्या बाजारातून आणि मेलेल्या वादकांच्या घरून आयुष्यभर गोळा केली. एक कॉर्नेट इतकी बुटकी की दोन तळहातांत मावते. खेळणं वाटलं मला, पण म्हणाले, आतली नळी सरळ केली तर मोठ्या कॉर्नेटएवढीच भरेल.

धुवायची रीत अशी. कोमट पाणी, थोडा साबण. तिन्ही बटणं सोडवायची, नळ्या उपसायच्या, लांब तारेचा ब्रश आतून फिरवायचा. पुन्हा जोडून उलटं टांगायचं आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. पाणी आपसूक गळतं. एक गोष्ट मात्र त्यांनी तीनदा सांगितली. फुंकून पाणी काढायचं नाही. वादक काढतात, त्यांना सवय असते, तुम्ही काढू नका. मी म्हटलं, हौस कुणाला आहे त्याला तोंड लावायची!

मग त्यांनी माझी मुलंबाळं विचारली. एक मुलगी होती, सोळाव्या वर्षी दम्यानं गेली, पुढचं विचारू नका, असं मी सांगितलं. त्यांनी नाही विचारलं. माणूस बरा आहे.

शुक्रवार, ७

उलटं टांगायच्या खुंट्या तीनच. म्हणजे दिवसाला तीन वाद्यं. बेचाळीस कधी व्हायची? तीन दिवसांत नऊ झाली आणि उरलेला वेळ मी खुंट्यांकडे बघत बसले. मला रिकामं बसवत नाही.

आज दुपारी मास्तर झोपले होते. नळीच्या वळणापाशी पाणी सोडायची एक चिमुकली झडप असते. ती दाबली आणि फुंकलं. फुर्र करून पाणी बाहेर, वाद्य कोरडं, अर्धं मिनिट लागलं. एका दुपारीत आठ उरकली. आठवी ती बुटकी. मॅडम, रागावू नका, काम झालं ना!

रविवार, ९

आठही पुन्हा ओली.

टांगलेली नऊ कोरडी ठणठणीत आणि मी फुंकलेली आठ तेवढी ओली. झडप दाबली की टपटप पाणी. छत पाहिलं, भिंत पाहिली, कुठं ओल नाही. पाणी बोटाला लागलं तर कोमट.

आणि एक. बुटकीचा कर्णा, म्हणजे पुढचं पसरट तोंड, पुसून चकचकीत केला. हात काढला तर आतल्या कडेवर वाफ धरली. गेली. परत धरली. आरशावर श्वास टाकल्यासारखी.

खाली येऊन भांडी घासली. दोनदा घासली.

मंगळवार, ११

दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, ती खोली श्वास घेत होती.

सात वाद्यं नुसती हुसहुसत होती. बुटकीचा श्वास वेगळा. आधी ओढ, मग बारीक शिट्टी. ओढ, शिट्टी. मधेच अडकायची, मग दोन छोट्या ओढी लागोपाठ.

मला कुणी सांगायला नको. तो आवाज मी अकरा वर्षं उशाशी ऐकलाय. हजार जणांत ओळखीन. ती माझी भिंगरी आहे. हे तिचं घरातलं नाव. पाचव्या वर्षी दमा जडला तरी पाय जमिनीला ठरायचा नाही तिचा, दम लागेस्तोवर गिरक्या.

इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, या वहीत लिहिते. त्या दिवशी मी धुणं वाळत घालत होते. ती दारात येऊन म्हणाली, आई, दम लागतोय. मला कामाला जायला उशीर झाला होता. मी म्हटलं, दम लागायला काय डोंगर चढून आलीस? आणि चादर पिळत राहिले. दोन चादरी, उशांचे अभ्रे, तिचाच गणवेश. चिमटे लावून आत गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. शिट्टी बंद झाली होती.

धुणं संपवून गेले मी. हे असं आहे.

बुधवार, १२

मास्तरांना कबूल केलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी डोळे मिटले. किती फुंकलीत, विचारलं. आठ म्हटलं. कोण आलं, विचारलं. मुलगी म्हटलं. 

मग म्हणाले, आत गेलेला श्वास एकटा जात नाही बाई. छातीत जे अडकलंय त्याला घेऊन जातो. बायको गेल्यावर त्यांनी तिची कॉर्नेट धुतली आणि सवयीनं पाणी फुंकलं. दुसऱ्या दिवशी ती आत श्वास घेत होती. ती टिकावी म्हणून रोज फुंकायचे. आधी एकदा पुरायचं, मग दहादा, मग दिवसभर. वर्षभरात या यंत्राला लागले. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला लावलं, आणि त्यांनी केलं.

बंद केल्यावर तिला जायला तीन दिवस लागले. म्हणाले, पहिल्यांदा ती आजारानं गेली. दुसऱ्यांदा मी घालवली.

मला म्हणाले, आजच थांबवा, आज सोपं आहे. मी म्हटलं, सोपं कुणाला?

शुक्रवार, १४

रविवारपासून रोज फुंकत होते, आज थांबवून बघितलं. सात वाद्यांना फुंकर दिली नाही, ती गप्प झाली, कोरडी पडली. पेटीत भरून टाकली. त्यांच्यात कोण होतं मला ठाऊक नाही. असतील माझीच मेलेली माणसं. त्यांनी मला माफ करावं, एवढ्यांना पुरेल एवढी छाती नाही माझी.

बुटकीलाही दिली नाही. सकाळपासून शिट्टी बारीक होत गेली. चार वाजता दोन श्वासांत इतकं अंतर पडलं की मी बोटांवर मोजायला लागले. अकरापर्यंत मोजलं.

मग फुंकलं. जेवढं होतं तेवढं.

रविवार, १६

आज सोळादा. जिना चढताना पाचव्या पायरीवर बसावं लागलं. कधी बसले नव्हते.

धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, अगं, तुझा तोफखाना गप्प कसा, तिथं तोंडाला कुलूप लावतात काय? हसायला गेले तर हसू अर्ध्यात संपलं. ती एकदम गंभीर झाली, विचारत राहिली. मी ठेवून दिला.

मास्तरांनी मॅडमना कळवलंय. मला इथून घालवायला त्या मंगळवारी येताहेत. मास्तर मला हात जोडून म्हणाले, बाई, यंत्र एकच आहे घरात.

सोमवार, १७

तिचा श्वास सुधारतोय. आता तीन ओढी सरळ, चौथीला शिट्टी. माझी शिट्टी सुरू झालीय. दोघींची एकदम वाजते कधी कधी —

वरच राहते आता. जिना नको.

तिलाही असंच व्हायचं तर. छातीवर कुणी बसल्यासारखं. अकरा वर्षं शेजारी झोपले आणि मला —

सोमवार, दुपार

मास्तर खालून काठी आपटताहेत. पहिल्या पायरीपर्यंत आलेत, नळी तिथवरच पुरते. थांबा म्हणताहेत. पोरीला जाऊ द्या म्हणताहेत. मग त्यांनाच दम लागला, बसले वाटतं.

मास्तर, तुम्ही तीन दिवस ऐकलंत. मी ऐकणार नाही. मी एकदा धुणं —

मंगळवार

उजाडलं. मॅडम येतील. मॅडम, या बुटकीला — धुवू नका. टांगू नका.

बोटं निळी. अक्षर —

शिट्टी नाही आता तिची. एकही नाही. सरळ श्वास, झोपलेल्या पोरीचा. कर्ण्यावर वाफ — येते — जाते —

अजून एक देते. मग —

भिंगरे, दम लागतोय ना. ये. काम राहू दे. बस अशी माझ्यापाशी, मी पाठ चो