गोठ्यात चालणारा शब्द

प्रिय नितीन,

फोन केला की तुझी चाकणची रेंज जाते, म्हणून पत्र. याला रेंज लागत नाही.

रविवारी पुणतांब्याला गेले होते. गाय माजावर आलेली, कृत्रिम रेतनाला जनावरांचे डॉक्टर आले होते. टीव्हीवर नायक-नायिका जवळ आले तरी जी उठून पाणी प्यायला जाते, ती आपली आई भर गोठ्यात ओरडली, "डाक्टर, ती सेक्सची कांडी भरा. कालवडच पायजे, गोऱ्हा न्हाई सांभाळनार!" लाजले ती मी, संस्कृतची मास्तरीण. आमच्या शाळेत हा शब्द आला की विज्ञानाचे सर 'धडा घरी वाचा' म्हणतात. फॉर्मवर तो मुकाट रकान्यात बसतो, लॅटिनमध्ये नुसता सहाचा आकडा. आणि आमचं 'लिंग' म्हणजे मुळात खूण. धूर दिसला की आग कळते, म्हणून धूर हे आगीचं लिंग. एवढं सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? मंग ते शेण उचल."

डॉक्टर गेले, दीपा चहा घेऊन आली आणि आईचा आवाज एकदम खाली आला. "नितीन गुरवारी येतोय. हिच्या पोटात काय हाय ते तपासून आननार. गाडीत मशीन घेऊन फिरतो एक जन." गाईला पोरगीच हवी, सुनेला नको, तुमची एक लेक, संस्कृती, आहे ती पुरे. दीपाने कप ठेवला आणि ती आत गेली.

मी आईशी कडाकडा भांडले. त्या रागात तिच्या तोंडून निघालं, "तुझ्या येळी बी तपासलं हुतं. पोरगा सांगितला, म्हनून तर ठेवलं!" मग बराच वेळ ती गाईची पाठ चोळत राहिली. एकेचाळीस वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नितीन, तुला सायकल शिकवली ती बहीण एका चुकलेल्या तपासणीमुळे जगली आहे.

तेव्हा गुरुवारी पुणतांब्याला जाऊ नकोस. दीपा आणि संस्कृती माझ्याकडे राहुरीला आहेत. बॅग दीपानेच भरली, मी फक्त एसटीत जागा धरली. तपासणीला ती येणार नाही. मशीनवाल्याला तसं कळव आणि मग खुशाल इकडे ये, मटण करते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. मुलगी असो की मुलगा, तो मी सोडणार नाही.

तुझीच, चुकून का होईना,
अश्विनीताई