‘ळ’साठी मोठा एल

प्रिय बाबा,

आज ऑफिसात नव्या मुलांना ईमेलचे शिष्टाचार शिकवायची पाळी माझ्यावर आली. ‘कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं’ हे वाक्य पडद्यावर आलं आणि मी लॅपटॉप मिटला. डोकं दुखतंय सांगून घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही कधी ओरडलात का हो माझ्यावर? चंदीगडच्या शाळेत जाऊन मी ‘केला’, ‘कमल’ म्हणायला लागले, तेव्हासुद्धा नाही. मी ‘केळं’ म्हणेपर्यंत ते हातात धरून बसायचात नुसते!

रिटायर झाल्यावर मनीमाजऱ्याहून बस पकडून सेक्टर चौतीसच्या सायबर कॅफेत जायचात, मला पुण्याला मेल करायला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पण त्यातही ळ सोडवेना तुम्हाला. ‘ळ’साठी मोठा L, ‘ण’साठी मोठा N, शब्दाच्या मधोमध. baL. kaLji. paNi.

आणि मी? नोकरीला दोन महिने झालेले, ट्रेनिंगमधून ताजी ताजी शहाणी होऊन आलेली. लिहिलं, “बाबा, प्लीज, मधेच कॅपिटल घालू नका. ओरडल्यासारखं वाटतं, शिवाय अडाणी दिसतं.” अडाणी! जन्मभर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला!

तुमचं उत्तर आलं, “बरं. लक्षात ठेवीन.” भांडायचंत ना माझ्याशी! पुढच्या मेलपासून सगळं लहान अक्षरांत, अगदी माझं नावसुद्धा.

मग एका सोमवारी तो मेल आला. “kal ali hoti. thodya velat geli. kalji karu nako.”

मी वाचलं, काल आली होती. माझी मैत्रीण सीमा तेव्हा तिकडेच होती, नवऱ्याच्या एअर फोर्सच्या बदलीमुळे. अधूनमधून तुमच्याकडे डोकवायची. मला वाटलं, तीच. घाईघाईत उत्तर टाकलं, “अरे वा! जेवायला थांबवायचं होतंत तिला.”

शुक्रवारी तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “पहले कभी दर्द हुआ था? किसी को बताया था इन्होंने?” मी ठामपणे “नहीं जी” म्हणाले.

तेराव्याला सीमाजवळ त्या भेटीचा विषय काढला. ती गोंधळली. “अगं, मी महिनाभर काकांकडे गेलेच नव्हते यार.”

तेव्हा कुठे मला तो मेल वाचता आला. काल नाही, बाबा. कळ. छातीत कळ आली होती.

माझं उत्तर वाचून काय वाटलं असेल तुम्हाला? पोरगी चेष्टा करतेय? की पोरीला वेळ नाही? फोन का नाही केलात? सरळ मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं, सगळंच्या सगळं! मला राग येतो तुमचा, आणि मग माझीच लाज वाटते.

उद्या तो वर्ग घेईन. नोकरी आहे, घ्यावाच लागेल. पण एक कबूल करते. आपल्या माणसाचं पत्र आलं, की त्यातल्या चुका काढायच्या आधी विचारीन, “तब्येत कशी आहे?” त्या सोमवारी एवढंच विचारायचं होतं मला. तुम्ही सांगितलं असतंत.

तुमची,
मेधा